मेटल डिटेक्टरने जुनी नाणी शोधायची तर: ग्वाल्हेरच्या परसापासून सुरुवात

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या वाड्याच्या परसात, विहिरीच्या कठड्यापासून तीन हातांवर मला माझं पहिलं नाणं मिळालं, माधवराव महाराज शिंद्यांचा पाव आणा, आणि ते मी दहा मिनिटांत वाया घालवलं. आजी तांब्याचा बंब घासायची तसं चिंच आणि राख घेऊन घासलं. मातीतून निघालं तेव्हा त्यावर गर्द तपकिरी-हिरवी गुळगुळीत साय धरलेली होती, अक्षरं तिच्यातच जिवंत होती, घासल्यावर खालचं गुलाबी तांबं उघडं पडलं आणि महाराजांचं नाक आणि अर्धं नाव गेलं. वर ते किती खोल होतं, नेमकं कुठे होतं, हेही कुठे लिहून ठेवलं नाही. पुढच्या वर्षी तिथेच जवळपास एक पितळी किल्ली आणि आणखी दोन पैसे निघाले, तेव्हा हे सगळं एकाच बटव्यातून सांडलेलं की पन्नास वर्षांच्या अंतराने पडलेलं, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हापासून पक्कं बसलंय डोक्यात, की नाणं म्हणजे अर्धीच हकिकत, ते कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी पडलं होतं ती उरलेली अर्धी, आणि ती एकदा उकरली की परत मिळत नाही.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, क्रमाने.

आधी जागा, मग मशीन

बहुतेक जण आधी मशीन घेतात आणि मग विचारत फिरतात की आता जायचं कुठे. उलटं करा. ग्वाल्हेरमध्ये तर हात शिवशिवणारच. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० मध्ये इथे पडला आणि त्या तळाचंच लश्कर झालं, शिंद्यांच्या तिजोरीला गंगाजळी म्हणायचे आणि किल्ल्यातल्या तिच्या तळघरांच्या गोष्टी प्रत्येक मराठी घरात ऐकायला मिळतात. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहार अशा इंग्रजांशी दोन लढाया एकाच दिवशी झाल्या, आणि १८५८ च्या जूनमध्ये मुरार, कोटा की सराय, लश्कर आणि शेवटी किल्ला, असं चार-पाच दिवस रणकंदन चाललं. एवढं सगळं पायाखाली असताना माणूस घरी कसा बसेल.

पण नीट ऐका, किल्ला, त्याचे उतार, तानसेनच्या समाधीचा परिसर, कुठलंही संरक्षित स्मारक, तिथे डिटेक्टर बॅगेतून बाहेरसुद्धा काढायचा नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने संरक्षित जागेत परवान्याशिवाय खोदकाम करणं हा गुन्हा आहे, आणि राज्याच्या ताब्यातल्या स्मारकांसाठी मध्य प्रदेशचा १९६४ चा वेगळा कायदा आहे. पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड दिसला नाही म्हणून जागा मोकळी असं समजू नका, आधी चौकशी करा.

बगीचे. इंग्लंड-अमेरिकेत लोक पार्कमध्ये नाणी शोधतात ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत, तिथेही प्रत्येक पार्कचे नियम वेगळे असतात आणि बऱ्याच ठिकाणी मनाई असते, ते व्हिडिओत सांगत नाहीत. आपल्याकडे बाग नगर निगमची, खाली पाण्याच्या लाइनी आणि दिव्यांच्या केबल, त्यामुळे लेखी परवानगी नसेल तर खुरपी लावायची नाही. एक काम मात्र बागेत मनापासून करण्यासारखं आहे, ते म्हणजे कोणाची हरवलेली अंगठी शोधून देणं. ती गवतातच असते, खणावं लागत नाही, माळ्याला आणि ऑफिसात सांगून रीतसर करता येतं. एका बाईंची मंगळसूत्राची वाटी मी अशी पाऊण तासात काढून दिली होती, त्यांनी ती हातात घेऊन आधी कपाळाला लावली. जुन्या नाण्याने असा आनंद मला अजून दिलेला नाही.

लष्करी जागांबद्दल तर दुमत नकोच. मुरारची छावणी, महाराजपुऱ्याचं एअरफोर्स स्टेशन, फायरिंग रेंज, त्यांच्या लगतची जमीन, सगळं वर्ज्य. कायदा आहेच, पण जिवाचाही प्रश्न आहे. रेंजवरचे न फुटलेले गोळे भंगार म्हणून उचलताना माणसं मेलेली आहेत. आणि जुना गोळा म्हणजे निवला असंही नाही, एकोणिसाव्या शतकातले पोकळ गोळे आत दारू भरलेले असायचे, ती कोरडी राहिली असेल तर आजही पेट घेऊ शकते. शेतात लोखंडी गोल किंवा लांबट जड वस्तू दिसली, फ्यूज बसवायचं भोक दिसलं, तर हात लावायचा नाही, घासायची नाही, घरी तर आणायचीच नाही. काठी रोवून खूण करा, लांब व्हा, लोकांना लांब ठेवा, ११२ ला फोन करा.

आणि रणांगण? पनिहारकडे आज शेतं आहेत, शेतकरी ओळखीचा निघतो, मोह होतो. इथे मी माझं मत सरळ सांगतो, रणांगण एकट्याने उकरू नये. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न या जुन्या रणांगणावर १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळालं, मग १९८४ पासून पुरातत्त्वाच्या लोकांनी डिटेक्टरवाल्या हौशी मंडळींना रांगेत चालवलं, प्रत्येक गोळी, प्रत्येक काडतुसाची रिकामी पुंगळी जिथे सापडली तिथे झेंडी लावून नकाशावर घेतलं. पुंगळ्यांवर उमटलेल्या फायरिंग पिनच्या (बंदुकीतल्या, काडतुसावर आदळणाऱ्या टाचणीच्या) खुणा जुळवून एकच बंदूक मैदानावर कुठून कुठे सरकत गेली हे त्यांना सांगता आलं, जे कुठल्याही जुन्या कागदात नव्हतं. आधीच कोणी खिसे भरून शिसं नेलं असतं तर हे झालं असतं का? १८४३ च्या लढाईत हरलेल्या मराठी तोफांचा धातू इंग्रजांनी पदकं बनवायला नेला, ग्वाल्हेर स्टार म्हणतात त्या पदकांना. आपल्या बाजूची जी साक्ष उरली असेल ती त्या शेतांत आहे, आणि कधीतरी तिथे नीट सर्व्हे होईल तोवर ती जागच्या जागी राहू द्या.

मग राहिलं काय? पुष्कळ राहिलं. स्वतःचं परस, नातेवाइकांचं शेत, पाडलेल्या वाड्याचा मलबा. मलब्याकडे कोणी बघत नाही पण जुन्या भिंतीच्या चुन्यात, उंबऱ्याखाली, कोनाड्यात लोक पैसा ठेवायचे. ट्रॉली भरून जायच्या आधी मालकाची परवानगी काढून दोन दिवस मागून घ्या.

परवानगी कशी मागायची

शेतमालकाकडे पहिल्या दिवशी मशीन न्यायचंच नाही. आमच्या काकांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने मला पहिला प्रश्न विचारला, "भैया, ये बम ढूँढ़ने की मशीन है क्या?" आणि दुसरा, "सोना निकला तो किसका?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, दोन्हींची उत्तरं आधी तयार ठेवा. दुसऱ्याचं उत्तर कायद्यातच आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे, त्यात जमिनीत दडलेली कुठलीही मोलाची वस्तू म्हणजे निधी. ती दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची सापडली की लवकरात लवकर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठे आणि कधी, आणि वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा तशी हमी द्यायची. चौकशीत कोणी खरा मालक निघाला नाही आणि तुमचा आपसात वेगळा करार नसला तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला ते हवं असेल तर सरकार मोबदला देऊन घेऊ शकतं. आणि लपवलंत तर वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

हे सगळं शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगा, एका कागदावर लिहा, कोणतं शेत, कोणत्या तारखा, पिकाचं नुकसान झालं तर भरपाई, काय मिळालं तर दोघांसमोर नोंद, दोघांच्या सह्या, दोन प्रती. बटईने देऊन ठेवलेलं शेत असेल तर बटाईदारालाही विचारायचं, बरेच जण हे विसरतात आणि तोच तर रोज त्या शेतात असतो. सरपंचाच्या कानावर घाला, कारण संध्याकाळपर्यंत गावात "खजाना निकला" अशी आवई उठतेच.

मशीन

तत्त्व सोपं आहे. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत त्यामुळे भोवरे प्रवाह तयार होतात, त्यांचं उलट क्षेत्र दुसरी कॉइल पकडते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला ग्रॅहम बेलने हेच तंत्र वापरलं होतं आणि ते फसलं, पलंगातल्या लोखंडी स्प्रिंगांनी गोंधळ केला असं सांगतात. तुमच्या बुटातल्या लोखंडी टोकाने, कंबरपट्ट्याच्या बकलाने, खिशातल्या मोबाइलने आजही तेच होतं, म्हणून साधे कापडी बूट आणि मोबाइल पाठीवरच्या सॅकमध्ये.

नवशिक्याने व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) प्रकारचं मशीन घ्यावं. गॅरेट, मायनलॅब, नोक्टा या कंपन्यांची सुरुवातीची मॉडेल्स पुरेशी आहेत. बघायचं काय, तर ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांकडे मशीनने दुर्लक्ष करावं म्हणून करायची जुळणी) हाताने करता येतो का, लोखंडाचा आवाज वेगळा येतो का, स्क्रीनवर टार्गेटचा, म्हणजे खालच्या वस्तूचा, आकडा दिसतो का, हेडफोन लागतो का. मोठ्या कॉइलच्या मागे धावू नका, परसात आणि मलब्यात लहान कॉइलच कामाची, खिळ्यांच्या गर्दीतून नाणं वेगळं काढते. सोबत गाजराएवढं पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, नक्की घ्या, अर्धा वेळ वाचतो.

आणि हातात धरल्यावर दांडी आपोआप सोन्याकडे वळते, दोनशे मीटरवरून खजिना दाखवते, असं जे विकतात ते घेऊ नका. एडीई ६५१ नावाचं असंच अँटेनावालं खोटं यंत्र बॉम्ब शोधायला म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला इंग्लंडमध्ये २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे पायाळू माणसाच्या डोळ्यात अंजन घातलं की गुप्तधन दिसतं म्हणत लोकांना लुबाडायचे, आता अंजनाच्या जागी रिमोट आलाय. खरं व्हीएलएफ मशीन एकट्या नाण्याला सहा-आठ इंचांपर्यंत पकडतं, जमीन चांगली असेल तर थोडं जास्त, बस.

घरी पंधरा दिवस सराव

कुंडीतल्या मातीत नाही, जमिनीत. आधी ती जागा मशीनने साफ करून घ्या. मग एक तांब्याचा जुना पैसा, एक हल्लीचा रुपया, एक अॅल्युमिनियमचे ५ पैसे, एक खिळा, एक बाटलीचं बूच, गुटख्याची पुडी, चांदीची जोडवी, असं दोन, चार, सहा इंचांवर पुरा आणि कागदावर नकाशा काढून ठेवा. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं ऐका. तुमच्या लक्षात येईल की हल्लीचा रुपया पोलादी असल्यामुळे लोखंडासारखा तुटक बोलतो, आणि बापुडा ५ पैसा तांब्यापेक्षा वेगळा बोलतो. तांबं आणि चांदी मात्र गोल, गोड, भरलेला सूर देतात, एकदा कानात बसला की विसरत नाही. आकड्यावर विसंबू नका, कानावर विसंबा.

खिळा फसवतो, कधी कधी चांगला सूर देतो. त्याची परीक्षा अशी, की त्याच जागी नव्वद अंशात फिरून पुन्हा कॉइल फिरवायची. नाणं दोन्हीकडून तेच बोलतं. खिळा दुसऱ्या बाजूने घोगरा होतो किंवा जागा बदलतो.

शेतात

आमच्याकडे गहू आणि मोहरीचा पट्टा, म्हणून सगळ्यात चांगला काळ म्हणजे पाऊस सरल्यावर नांगरट झाली आणि पेरणी व्हायची आहे ते मधले दिवस, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जमीन ओलसर असते, सिग्नल खोल जातो, खुरपी सहज शिरते. मार्चएप्रिलमध्ये कापणीनंतरही जाता येतं पण माती दगडासारखी होते आणि मे मध्ये तर उन्हाने माणूस करपतो. दगडांच्या ढिगात, जुन्या भिंतीच्या भेगेत हात घालू नका, धनावर नाग बसतो ही गोष्ट असेल नसेल, दगडात मात्र खराच बसतो.

पहिलं काम ग्राउंड बॅलन्स. ग्वाल्हेरच्या दक्षिण-पश्चिमेच्या टेकड्यांत लोहखनिज आहे, पूर्वी तिथे लोखंड काढायचे, त्यामुळे त्या बाजूची लाल माती मशीनला सतत बडबड करायला लावते. मोकळी जागा बघून कॉइल वरखाली करत बॅलन्स करा, शंभर पावलांनी पुन्हा करा. तरी बडबड थांबत नसेल तर सेन्सिटिव्हिटी खाली आणा, लोक उलट वाढवतात आणि मग काही ऐकू येत नाही. हायटेन्शन लाइनखालीही हेच.

मग चालणं. सुतळी बांधून पट्टे पाडा. कॉइल जमिनीला समांतर, एक-दोन इंच वर, टोकाला उचलायची नाही (झाडूसारखी उचलली की कडेचं सगळं सुटतं), आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवायची. हळू. एका तासात बॅडमिंटन कोर्टाएवढी जागा झाली तर उत्तम. तेवढ्याच जागेत मला एकदा घोड्याचे तीन नालखिळे, एक घुंगरू आणि एक ढब्बू पैसा मिळाला, पूर्ण शेत भरभर फिरलेल्या मित्राला फक्त बुचं.

सिग्नल पक्का झाला की आडवी-उभी कॉइल फिरवून मध्य धरा, आणि खणायच्या आधी फोटो आणि लोकेशन. हीच ती जागा जिथे मी चुकलो होतो. गवत असेल तर तीन बाजूंनी कापून झाकणासारखा थर उचला, चौथी बाजू बिजागरीसारखी सोडा, माती फडक्यावर काढा म्हणजे परत भरताना एक कणही बाहेर राहत नाही. खुरपी सिग्नलच्या मधोमध घालायची नाही, बाजूने घाला, नाहीतर नाण्यावर जन्माचा ओरखडा. शेतात नांगर जातो तेवढ्याच थरात काम करायचं, साधारण वीतभर. त्याखाली माती हललेली नसते, तिथला सिग्नल कितीही गोड वाजला तरी सोडा.

वस्तू दिसली की तशीच ठेवून पट्टीसकट फोटो, खोली मोजा, मग उचला. झिप पिशवी, आत नंबराची चिठ्ठी, वहीत तोच नंबर, तारीख, लोकेशन, खोली, शेजारी काय होतं. कचरासुद्धा उचलून न्यायचा, खड्डा भरून पायाने दाबायचा. शिशाची गोळी मिळाली, पांढरट भुकटी धरलेली, तर ती भुकटी विषारी असते, हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आणि एकाच जागी चार-पाच गोळ्या निघाल्या तर थांबा, ते शेत तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा मोठं काहीतरी आहे.

मडकं लागलं तर

एक नाणं, दुसरं, तिसरं, मग खापराची कड दिसली, तर खुरपी खाली ठेवायची. १९९२ मध्ये इंग्लंडात हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचे गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते, सोन्याचांदीची नाणी लागली, थोडं काढून ते थांबले आणि कळवलं. पुरातत्त्ववाल्यांनी दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर मोजत काढलं, पंधरा हजारांच्या आसपास रोमन नाणी, आणि लाकडी पेटीत काय कशावर ठेवलं होतं तेही कळलं, कारण कोणी उपसलं नव्हतं. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्याकडे असं झालं तर माती परत झाकायची, फोटो ठेवायचे, एक माणूस बसवायचा, शेतमालकाला घेऊन कलेक्टर ऑफिस आणि थाना.

घरी आणल्यावर

चिंच नाही, लिंबू नाही, व्हिनेगर नाही, पितळ चमकवायची पेस्ट तर नाहीच नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, रोज पाणी बदला, माती आपोआप सुटते, उरलेली बाभळीच्या काट्याने किंवा टूथपिकने भिंगाखाली. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी येऊन बोटाला लागत असेल तर तो रोग समजा, ते नाणं इतरांपासून वेगळं करा आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत कोरड्या डबीत ठेवा. लोखंड धुवू नका.

ओळखायला ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. इंग्रजी चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, त्यात खूप फरक म्हणजे झीज किंवा नक्कल. एक रुपया म्हणजे १६ आणे म्हणजे ६४ पैसे, हे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येईपर्यंत. मधोमध भोक असलेला पैसा १९४३ ते ४७ चा. शिंदेशाहीतल्या जुन्या पैशांवर फारसी अक्षरं आणि बादशहाचं नाव असतं, शिवाय त्रिशूळ, नाग, धनुष्यबाण अशा खुणा, आणि बहुतेक वेळा ठसा नाण्याबाहेर गेलेला, म्हणून दोन-तीन नाणी शेजारी ठेवून वाचावं लागतं. पुढच्या माधवराव-जिवाजीरावांच्या पैशांवर देवनागरी आणि विक्रम संवत, संवतातून ५७ वजा केले की इसवी सन, म्हणजे १९७० असेल तर १९१३. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर पाठवायचं नाही आणि परवान्याशिवाय त्याचा धंदा करायचा नाही. अडलं तर किल्ल्याखालच्या गुजरी महालाच्या म्युझियममध्ये किंवा जिवाजी विद्यापीठातल्या प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व विभागात विचारा, जाताना नाण्यासोबत वही न्या. वही उघडली की समोरचा माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

माझ्या डबीत १ नंबरची पिशवी त्या घासलेल्या पाव आण्याची आहे. चिठ्ठीवर "परस, विहिरीजवळ" एवढंच आहे, खोलीची जागा कोरी.